डाव्या कमरेवरची कळशी

यशोदा शेलार मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कोणाचा तरी समज व्हायचा की मला त्या बाईचा पुळका आला होता. पुळका तेव्हाही नव्हता, आजही नाही.

आमच्या चिंचसांगवीत आठ दिवसांनी पाणी येतं. ते दिवसाआड यावं म्हणून धरणापासून नवी जलवाहिनी मंजूर झाली होती, पाइप येऊन पडले होते, पेढेसुद्धा वाटून झाले होते. आणि गावाच्या टोकाला राहणारे धरणग्रस्त कोर्टात गेले. याच धरणात आमचं गाव बुडालं, बदल्यात ओलिताची जमीन देतो म्हणालात, वीस वर्षं झाली, ती द्या आणि मग खुशाल पाणी न्या, असं त्यांचं म्हणणं. कोर्टाने स्थगिती दिली. त्या दिवसापासून त्या वसाहतीचं नाव गावाने 'स्टेवाले' ठेवलं, आणि यशोदा शेलार त्यांची पुढारी. माझी आई टँकरच्या चिखलात पडून उजवं मनगट मोडून बसली, तेव्हा मी दवाखान्याच्या बाकावर बसून त्या बाईच्या नावाने काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी स्वरूपा ढोबळे, नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात अभियंता. माझे वडील, अण्णा, त्याच विभागात चौतीस वर्षं चावीवाले होते. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं हे त्यांच्या हातात. गळती शोधायची त्यांची पद्धतही जुनी. लोखंडी पहारीचं टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं टोक कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. जमिनीखाली पाणी कुठे फुसफुसतंय ते त्यांना ऐकू यायचं.

माझ्या वेळेला पहार गेली आणि काचेचा धागा आला. फोन आणि इंटरनेट ज्या धाग्यातून येतात, तसाच. पाइपाच्या शेजारून तो एक्केचाळीस किलोमीटर पुरला आहे. त्याच्या एका टोकाकडून सेकंदाला हजारो वेळा लेझरचा झोत सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्या पोटात बारीक बारीक खोट असते, आणि त्या प्रत्येक खोटीवरून थोडासा प्रकाश माघारी येतो. वरची जमीन केसाच्या हजाराव्या भागाइतकी जरी हलली, तरी धागा तेवढा ताणला जातो आणि माघारी येणारा प्रकाश बदलतो. किती वेळाने आला त्यावरून ठिकाण कळतं. म्हणजे अण्णांची एक पहार होती, माझ्याकडे दर मीटरला एक अशा एक्केचाळीस हजार पहारी झाल्या, आणि झोप म्हणून त्यांना ठाऊक नाही.

अडचण एवढीच की धाग्याला गळतीसोबत सगळंच ऐकू येतं. बैलगाडी, मोटारसायकल, गिरणी आणि माणसांची पावलं. पावलं गाळून टाकणं हे माझं काम होतं. गाळायची तर आधी ओळखायला हवीत, म्हणून मी संगणकाला ती शिकवली. शिकवता शिकवता लक्षात आलं की प्रत्येकाचं चालणं निराळं असतं. टाच किती जोरात पडते, डाव्या-उजव्या पावलात किती अंतर पडतं, वजन कुठे झुकतं. दोन-चारशे पावलं ऐकली की यंत्र माणूस ओळखतं. मला याचा फार आनंद झाला आणि मी तो मुख्याधिकारी पुंडे साहेबांना सांगितला. तिथेच खरं तर जीभ चावायला हवी होती.

त्याच महिन्यात कोणीतरी पाइपाच्या दोन जोडण्या सैल केल्या. सभेत ठराव आला, की गावाच्या पाण्याच्या सुरक्षेसाठी स्टेवाल्यांच्या हालचालींवर यंत्राने लक्ष ठेवावं. विरोधात एकही हात वर गेला नाही. मीही मागच्या बाकावर बसून मान डोलावली.

नमुने घेणं सोपं होतं. वसाहत उंचावर, तिथे आता दाब पोचत नाही, म्हणून पाणी टँकरने. टँकरवर कूपन दाखवून एकेकाचं नाव पुकारलं जातं. नाव पुकारलं, पाणी भरलं, माणूस चालू लागला, की खालचा धागा ऐकतो. दोन आठवड्यांत दोनशे चौदा प्रौढ माणसांची चाल नावानिशी माझ्याकडे जमा झाली. कोणाला विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कोणाच्या मनात आलं नाही, माझ्याही.

मार्चमधल्या एका मंगळवारी, भर दुपारी अडीच वाजता, माळावरच्या चेंबरमधला मुख्य व्हॉल्व्ह कोणीतरी फोडला. गाव अकरा दिवस कोरडं. यंत्राने चेंबरपाशी आलेली पावलं काढली आणि नाव सांगितलं. यशोदा शेलार, एक्याण्णव टक्के.

संध्याकाळपर्यंत पोलीस तिला घेऊन गेले. आठवड्याने नगराध्यक्षांनी मला शाल आणि श्रीफळ दिलं. आईने तो नारळ फोडून खोबऱ्याची वडी केली आणि शेजारीपाजारी वाटली.

वडी अजून डब्यात होती, तेव्हाची गोष्ट. दुरुस्ती संपली नव्हती, गावातही टँकर फिरत होते. सकाळी दहाच्या सुमाराला मी पडद्यासमोर बसले होते आणि आमच्याच गल्लीत, आमच्याच दारापाशी नाव उमटलं. यशोदा शेलार, अठ्ठ्याऐंशी टक्के.

यशोदा शेलार तेव्हा कोठडीत होती.

मी गाडी काढून घरी गेले. दारात कोणी नव्हतं. आत आई पदराने मान पुसत होती आणि ओट्यावर कळशी होती, काठोकाठ भरलेली.

"टँकर आत्ताच गेला का गं?" मी विचारलं.

"आत्ताच. दोन खेपा झाल्या. तू कशी मधेच?"

"कळशी कशी आणलीस?"

"कशी म्हणजे? कमरेवर. डोक्यावर नाचवत आणू?"

मी तिला रिकाम्या हाताने कोपऱ्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं, मग कळशी घेऊन. आई माझ्याकडे ऊन लागल्यासारखी बघत होती, पण गेली. मोबाइलवर पडदा उघडून मी उंबऱ्यात बसले. रिकाम्या हाताने गेली तेव्हा यंत्राने कोणाचंच नाव सांगितलं नाही. डाव्या कमरेवर कळशी घेऊन आली तेव्हा परत तेच नाव, नव्वद टक्के.

झालं होतं असं, की टँकरपाशी कोणी रिकाम्या हाताने चालतच नाही. आम्ही ज्यांची चाल म्हणून साठवली, ती त्यांची चाल नव्हती. ती भरल्या कळशीची चाल होती. बारा लिटर पाणी डाव्या कमरेवर घेतलं की पन्नाशीची कुठलीही बाई तशीच उजवीकडे कलून, डावी टाच दाबत चालते. माळावर त्या दुपारी जो कोणी गेला, त्याच्या डाव्या बाजूला काहीतरी जड होतं. हातोडा असेल, पहार असेल. यापलीकडे यंत्राला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी बाई असून, जन्मभर त्या कळश्या वाहून, हे माझ्या लक्षात आलं नाही याची लाज मला अजून वाटते.

पुंडे साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. साहेब वाईट नव्हते. चहा मागवला, माझ्याकडे बिस्किटांची बशी सरकवली.

"ढोबळे मॅडम, चूक कळली हे उत्तमच. नमुने परत घ्या. येताना रिकाम्या हाताने येतात ना ते, तेव्हाचे घ्या."

"आणि शेलारबाई?"

"त्यांचं बघू. जामिनाला आपण विरोध करायचा नाही. केस आपोआप विरघळेल. फक्त सोमवारी दाखला तेवढा द्या."

दाखला म्हणजे यंत्राच्या पुराव्यासोबत कोर्टात द्यावा लागणारा कागद. यंत्र नीट चालत होतं, नोंदी रीतसर घेतल्या, असं यंत्र सांभाळणाऱ्याने सहीनिशी सांगायचं. ती सांभाळणारी मी.

"नोंदी रीतसर घेतल्या असं कसं लिहू, साहेब? विचारलंच नव्हतं कोणाला."

"तेच तर. ते लिहिलंत तर ही एक केस नाही जाणार, अख्खी यादी जाईल. पुढचा व्हॉल्व्ह फुटला तर?" साहेबांनी कप खाली ठेवला. "आणि यादीत आहे कोण? तुम्ही नाही, मी नाही. सगळ्या गावाला नको झालेली माणसं. त्यांच्यासाठी तुम्ही नोकरी पणाला लावणार?"

खरं सांगते, मी बिस्कीट खाल्लं आणि उठले. यंत्र सुधारायचं, बाई सुटायची, यादी राहायची, माझी शाल माझ्याकडे. यात वाईट काय ते मला शब्दांत सांगता येत नव्हतं. तरी घशाखाली उतरत नव्हतं.

घरी अण्णांना सांगितलं, तर ते जेवता जेवता थांबले.

"सरू, त्या बाईपायी तुझ्या आईचा हात मोडला."

"माहीत आहे."

"चौतीस वर्षं मी त्या जलवाहिनीची वाट बघितली. शेवटी निवृत्त झालो. तिच्यापायी. आणि तू तिच्या बाजूने उभी राहणार?"

"तिच्या बाजूने नाही. मला फक्त खोटी सही करायची नाही."

"एकच की ते."

मग मी ते काढलं. काढायला नको होतं, पण काढलं. "अण्णा, दोन हजार अडतीसच्या दुष्काळात वसाहतीची चावी तुम्ही का बंद केली नाहीत?"

अडतीस साली वसाहतीला शेवटच्या टोकाचा एक नळ होता. स्थगिती नुकतीच आली होती. गावातले लोक आमच्या दारात येऊन बसले, की त्यांची चावी फिरवूच नका, मरू देत तहानेने. अण्णा रोज पहाटे सायकलवर जात, भर रस्त्यात उभे राहून स्टेवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, आणि अर्धा तास चावी सोडत. पुरता अर्धा तास, घड्याळ लावून. मी शाळेतून कॉलेजात जाणारी, मला त्यांच्या शिव्यांची फार लाज वाटायची.

"ती गोष्ट वेगळी," अण्णा म्हणाले.

"कशी?"

"पाणी ते पाणी."

"आणि हे काय आहे? त्यांनी कुठे जायचं, कधी जायचं, हे मी खोलीत बसून बघते. टँकरवर पाण्याला आलेल्या माणसाची चाल आपण काढून घेतली, अण्णा. पाण्याच्या बदल्यात."

अण्णांनी ताटात हात धुतले. "तेव्हा मला लोकांनी हेच विचारलं होतं. शिव्या देतोस तर चावी का फिरवतोस म्हणून," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "मी म्हणालो, शिव्या माझ्या आहेत, चावी नगरपरिषदेची आहे. शिव्या देत फिरवीन, पण फिरवीन." मग एकदम चिडून, "पण तेव्हा माझी नोकरी जात नव्हती. तुझी जाईल. नीट विचार कर."

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी विचार केला. शनिवारी केला, रविवारी केला, आणि रविवारी दुपारी कागद घेऊन बसले.

सोमवारी कोर्टाच्या व्हरांड्यात यशोदा शेलार दोन महिला पोलिसांच्या मध्ये बसली होती. ठेंगणी, रापलेली, चेहऱ्यावर आठ्या कायमच्या मुक्कामाला आलेल्या. मी जवळून पहिल्यांदाच बघत होते. पोलिसांनी मला ओळखलं आणि अडवलं नाही.

"तू ती मशीनवाली," ती म्हणाली.

"हो. एक विचारायचं होतं. चेंबर तुम्ही फोडलंत का?"

तिने मला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. "कशाला पायजे?"

"मला आत साक्ष द्यायची आहे."

"मंजी मी न्हाई म्हनले, तर तू खरं बोलनार. आन हो म्हनले, तर खोटं बोलनार. आसंच का?"

मी हातातला दाखला उगाच उलटून बघितला.

"मग नगं इचारू," ती म्हणाली आणि पदर सावरून दुसरीकडे बघू लागली. काय उद्धट बाई, असं माझ्या मनात आलंच. पण बिस्किटं खाताना मला जे सांगता आलं नव्हतं, ते तिने एका दमात सांगितलं होतं. मला ती निर्दोष हवी होती. निर्दोष असली म्हणजे मला धीर येणार होता. आणि कायद्याने मात्र तिने काय केलं ते बघायच्या आधी, मी काय केलं ते बघायला हवं होतं.

कोर्ट भरलेलं होतं. अर्ध्या बाकांवर गाव, अर्ध्या बाकांवर वसाहत, मध्ये वाट. मी पिंजऱ्यात उभी राहिले आणि दाखला वाचून दाखवला. त्यात मी लिहिलं होतं की नमुने टँकरवर घेतले, न विचारता घेतले, भरल्या कळशीसकट घेतले. माझी आई यशोदा शेलार म्हणून ओळखली गेली, त्या वेळी यशोदा शेलार कोठडीत होती. आणि हे सगळं माझ्या हातून झालं. आईचं नाव येताच गावाच्या बाजूला कुजबुज सुरू झाली.

सरकारी वकील उठले. "तुम्हाला या लोकांबद्दल सहानुभूती आहे, मॅडम?"

"नाही."

"नाही?"

"त्यांच्यामुळे माझ्या घरी आठ दिवसांनी पाणी येतं. मला त्यांचा राग आहे. भरपूर आहे."

मागे कोणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेट मॅडमनी नुसतं वर बघितलं.

"मग यंत्रातली चूक दुरुस्त झाली तर तुमची हरकत नसावी," वकील म्हणाले. "रिकाम्या हाताने नमुने घ्या. यंत्र अचूक करा. गावाचं पाणी सुरक्षित राहील."

"यंत्र अचूक होईल. मीच करीन, मला पंधरा दिवस पुरतील," मी म्हणाले. "पण तेव्हा मला जास्त हरकत असेल. आज यंत्र चुकलं म्हणून निदान ही गोष्ट इथे आली. उद्या ते बरोबर चालेल, आणि दोनशे चौदा माणसं कुठे जातात, कोणाच्या दारात थांबतात, वकिलाकडे किती वेळा जातात, हे मला खोलीत बसून कळेल. का, तर ती गावाला आवडत नाहीत. मला आवडत नाहीत. एखाद्यावर गुन्ह्याचा संशय असेल तर त्याच्या नावाने कोर्टाकडून परवानगी काढा, मी पावलं शोधून देईन. पण वसाहतीत राहतो एवढ्यावर नाही. आवडत्या माणसांच्या मागे कोणी यंत्र लावत नाही, मॅडम. त्यांना कायद्याची गरजच पडत नाही."

 उतरताना मी बाकांकडे बघितलं तेव्हा अण्णा दिसले. उशिरा आले असावेत. गावाच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून ते स्टेवाल्यांच्या बाकावर, दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये, अंग चोरून बसले होते. त्यांचं तोंड कडू झालेलं होतं, पण ते होते.

यशोदा शेलारला त्याच आठवड्यात सोडलं. यादी पुसून टाकण्याचा हुकूम पुढच्या महिन्यात झाला. मला मात्र दुसऱ्याच दिवशी निलंबित केलं. गल्लीत दोन घरांनी बोलणं टाकलं, किराणा दुकानदार सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवू लागला. चेंबर कोणी फोडलं ते आजही ठाऊक नाही. कदाचित तिनेच फोडलं असेल. मी अजून अधूनमधून याचा विचार करते, आणि दरवेळी माझी सही जिथे होती तिथेच राहते.

हुकुमात एक गंमत होती. नोंदी जिने घेतल्या तिनेच पुसायच्या, आणि वसाहतीतला एक साक्षीदार समोर हवा. म्हणून निलंबित असताना मला एका सकाळपुरतं कामावर बोलावलं गेलं. पुंडे साहेबांनी दार उघडून दिलं, खुर्ची पुढे केली आणि बिस्किटांबद्दल काही विचारलं नाही. साक्षीदार म्हणून जिना चढून धापा टाकत कोण आलं, ते सांगायला नकोच.

ती माझ्या मागे उभी राहिली. पडद्यावर दोनशे चौदा नावं होती, आणि प्रत्येकासमोर एक वाकडीतिकडी रेघ.

"माजी कंची?"

मी दाखवली. तिने वाकून बघितलं. "ही तर तुज्या आईचीबी हाय म्हनं."

"कळशीची आहे. तुम्ही दोघी तिच्याखाली सारख्याच चालता."

ती हसली वगैरे नाही. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आईचा हात बरा हाय का?"

"थंडीत दुखतो."

"दुखनारच." आणि लगेच, जणू काही राहून गेलं होतं तसं, "हे बघ पोरी. तू आमच्यासाटी क्येलंस म्हनून आमी स्टे मागं घ्येनार न्हाई. जमीन मिळंस्तवर पानी न्हाई. आधीच सांगते."

"तुमच्यासाठी नाही केलं," मी म्हणाले. "आणि स्टेच्या पुढच्या तारखेला गावाच्या बाजूने पाण्याचे आकडे घेऊन मीच उभी राहणार आहे. निलंबित असले तरी गावात राहते. मीही आधीच सांगते."

"ये की. बगू," ती म्हणाली.

मला तिचा असा काही संताप आला की विचारू नका. आठ दिवसांचं शिळं पाणी, आईचं मनगट, माझी लटकलेली नोकरी, सगळं एकदम वर आलं. अण्णा वसाहतीच्या रस्त्यावर उभे राहून द्यायचे त्यातली एक अस्सल शिवी मी दातांतल्या दातांत हासडली आणि कळ दाबली.

नावं खालून वर एकेक करून गेली. तिची शेवटून तिसरी होती. तिने पडदा कोरा होईपर्यंत बघितलं, पुंडे साहेबांच्या कागदावर सही केली, मी माझी केली. मग आम्ही दोघी जिना उतरून रस्त्यावर आलो, ती डावीकडे गेली आणि मी उजवीकडे. खालच्या धाग्याला तेवढं ऐकू आलं असणार, की दोन बायका चालल्या आहेत. कोण ते त्याला कळलं नाही.